कीर्तनात हसू आले तर



माघी वारी करून आम्ही परतलो आणि दोनच दिवसांनी लांज्याजवळच्या एका वाडीत आमची कीर्तनसेवा होती. आमच्या कोकणातल्या मंडळींना आषाढी साधणे अवघड. देशावरच्या दिंड्या पालख्यांबरोबर चालत असतात, नेमक्या त्याच दिवसांत इकडे गुडघाभर चिखलात भाताची लावणी चालू असते. तरवा उपटायचा की टाळ हाती घ्यायचा, असा प्रश्न पडतो आणि बहुधा तरवा जिंकतो. म्हणून पुष्कळ जण कार्तिकी, नाहीतर माघी धरतात. साखरप्यावरून आंबा घाट चढायचा, कोल्हापूर करून पंढरी गाठायची, आणि बुक्क्याची पुडी कनवटीला लावून पुन्हा खाली उतरायचे. असो.

त्या रात्री निरूपणाला वैराग्याचा विषय होता. मंडळी तल्लीन होती. आम्हीही, खरे सांगायचे तर, स्वतःच्या बोलण्यात थोडे तल्लीन झालो होतो. हात वर करून आम्ही म्हणालो, "बाबांनो, वरून बोलावणे आले म्हणजे बायको थांबवू शकत नाही, मुलगा थांबवू शकत नाही, सावकार थांबवू शकत नाही!" आणि आमच्या अंगरख्याच्या खिशात मोबाईल वाजला.

नुसता वाजता तर गोष्ट वेगळी. आमच्या नातवाने त्यात कधीतरी ढोलकीच्या लावणीची चाल भरून ठेवली होती. आम्हांस तो बंद करण्याचे बटण सापडेना. पखवाजावर बसलेल्या पोराचा हात चळला आणि त्याने त्या ठेक्यावर एक थाप देऊन टाकली. तरीही मंडळी बिचारी तोंडे दाबून बसली होती. तेवढ्यात मागून एक म्हातारबाबा ओरडले, "बुवा, घ्या! वरनंच असंल!"

मग काय विचारता! टाळकरी वाकले, बायका पदरात शिरल्या, आणि आम्हीही उपरण्याने डोळे पुसले. पुढे कीर्तन पुन्हा रुळावर आणण्यास दहा मिनिटे गेली.

कीर्तनानंतर ओटीवर चहा घेताना एक निवृत्त शिक्षक जवळ येऊन बसले. गृहस्थ अभ्यासू. म्हणाले, "बुवा, राग मानू नका. पण हरिकीर्तनात असे हसलेले शास्त्राला चालते का?" आम्ही "देव काही रागावत नाही हो" असे काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. पण अंथरुणावर पडल्यावर झोप येईना. कारण त्याच लांज्यात, बारा एक वर्षांपूर्वी, याच प्रश्नाला आम्ही उत्तर दिले होते. ते भर कीर्तनात दिले होते, आणि फार चुकीचे दिले होते. गुरुजींना द्यावयाचे राहिलेले उत्तर या मासिकातून देतो. म्हणजे त्यांच्याबरोबर आणखी चार जणांच्या कानावर जाईल.

आधी शास्त्राचे पाहू. आम्ही लहानपणी पाठशाळेत वाढलो. रूपावली, अमरकोश, मग काव्य, असा तो जुना क्रम. पुढे थोडे साहित्यशास्त्रही पदरात पडले. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांचे विवेचन केले आहे. तेथे हास्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिल्या दोन उत्तम माणसांच्या, मधल्या दोन मध्यमांच्या, शेवटच्या दोन अधमांच्या. स्मितात दात दिसत नाहीत, गाल किंचित फुलतात, एवढेच. अपहसित कोणते? तर जे नको त्या जागी येते, ज्यात डोळ्यांना पाणी सुटते, खांदे आणि मस्तक गदगदा हलते. ही लक्षणे आम्हांस चाळीस वर्षे तोंडपाठ आहेत. पाठ असणे ही मोठी सोय आहे. विचार करावा लागत नाही.

पण भरतमुनी नाटकाचे शास्त्र सांगत होते. राजाचे सोंग घेतलेल्याने कसे हसावे आणि विदूषकाने कसे, हा त्यांचा प्रश्न. सप्त्याला फाटक्या सतरंजीवर बसलेल्या माणसाचे हसू त्या मापाने मोजावे असे त्यांनी कोठे सांगितले आहे, ते आम्हांस अजून सापडलेले नाही.

आणि आमच्या देवाकडे पाहावे, तर तो हसण्याचीच कारणे पुरवीत आलेला. घरी आलेल्या पाहुण्याला अंगणात वीट फेकून "जरा थांब, आईबापांचे पाय चेपतो आहे" म्हणणारा पुंडलिक हा जगातला एकच यजमान, आणि त्यावर कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगे निमूट उभा राहिलेला हा एकच पाहुणा. आपण रोज हे म्हणतो, म्हणून त्यातली गंमत अंगवळणी पडली आहे. एखाद्या परक्या माणसाला ही गोष्ट पहिल्यांदा सांगून पाहा. तो आधी हसेल आणि मग हात जोडील.

आमच्या लांजे तालुक्याचीच गोष्ट घ्या. विशाळगडाच्या अंगाला माचाळ नावाचे उंचावरचे गाव आहे. मुचकुंद ऋषींची गुहा तेथली, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. तेथून निघणारी मुचकुंदी नदी पूर्णगडाशी समुद्राला मिळते. भागवताच्या दशम स्कंधात कथा आहे : कालयवन मथुरेवर चालून आला आणि भगवंत हत्यार न घेता पायी पळत सुटले. पुढे देव, मागे यवन. देव एका गुहेत शिरले. तेथे मुचकुंद राजा कित्येक युगांची झोप काढीत होता. कथेकरी सांगतात की देवांनी आपला शेला हळूच त्याच्या अंगावर घातला आणि आपण अंधारात उभे राहिले. यवनाने झोपलेल्याला लाथ मारली, राजाने डोळे उघडले, आणि यवनाची राख झाली. एकदा ही कथा रंगात आली असताना पुढे बसलेल्या एका पोराने विचारले, "बुवा, पळताना देवाचा पीतांबर सुटला नाय?" आम्ही काय उत्तर देणार! ज्याच्या भयाने वारा वाहतो असे उपनिषदे सांगतात, तो जीव मुठीत धरून पळतो आहे, हे चित्र मुळातच हसण्याजोगे आहे. आणि डाकोरचे लोक त्याच पळपुट्या रूपाला रणछोडराय म्हणून मंदिरात बसवून ओवाळतात.

नाथांच्या घरची कथा तुम्हांस ठाऊकच आहे. नाथांना राग आणून दाखवीन, अशी पैज मारून एक जण पैठणास त्यांच्या घरी आला. नाना प्रकार केले, काही चालेना. शेवटी गिरिजाबाई वाढण्यास वाकल्या, तेव्हा हा पठ्ठ्या त्यांच्या पाठीवरच चढून बसला. नाथ म्हणाले, "अहो, सांभाळा, पडेल तो." बाई म्हणाल्या, "पडू देते की काय! हरी लहान असताना त्याला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय आहे मला." कथेकरी ही गोष्ट शांतीचे उदाहरण म्हणून सांगतात आणि ते खरेच आहे. पण त्या माजघरात त्या क्षणी काय झाले असेल? आम्हांस तर वाटते की पाठीवरच्या त्या माणसालासुद्धा हसू फुटले असेल. त्याशिवाय तो खाली उतरला कसा?

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगण्यास जरा जड जाते, म्हणून इतका वेळ इकडेतिकडे हिंडलो.

बारा वर्षांपूर्वीचा श्रावण. लांज्याच्या एका वाडीत अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. त्या वाडीतले एक गृहस्थ वर्षानुवर्षे रात्रीच्या पहाऱ्याला वीणा घेत. एस. टी.त कंडक्टर म्हणून जन्म काढलेला माणूस. दिवसा गाडी, रात्री वीणा. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नाही हा नियम, आणि यांना उभ्याउभ्या झोप लागण्याची जन्माची सवय. मग काय होई? कीर्तनात 'पुंडलीक वरदे'चा गजर उठला की हे दचकून जागे होत आणि झोपेतच ओरडत, "लांजा! लांजा! उतरणारे पुढं या!" सबंध वाडी दर वर्षी त्या क्षणाची वाट पाही. पोरे तर तेवढ्यासाठीच जागी राहत.

त्या वर्षी ज्येष्ठात ते गेले. पावसाच्या तोंडावर, दोन दिवसांच्या तापाचे निमित्त होऊन. आम्ही श्रावणात गेलो तेव्हा त्यांची वीणा मुलाच्या हाती होती. मुलगा मुंबईला नोकरीस. रजा काढून रात्रीच्या गाडीने आला होता आणि आल्या पावली पहाऱ्याला उभा राहिला होता. त्याची आई पुढच्या रांगेत खांबाला टेकून बसली होती. नवरा जाऊन वर्ष झालेले नाही आणि ही चार माणसांत येऊन बसते, यावरून दोघीचौघी कुजबुजल्या होत्या, हे आम्हांस मागाहून कळले.

आम्ही त्या रात्री देहाच्या नश्वरतेवर बोललो. विषय त्यांच्याकडे पाहूनच निवडला होता. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिलेले आम्ही पाहिले आणि, खोटे कशाला सांगावे, आम्हांस बरे वाटले. कीर्तनकाराला श्रोत्यांच्या अश्रूंची चटक असते. आमच्या व्यवसायबंधूंनी रागावू नये. ज्याला ती नसेल त्याने हे वाक्य सोडून पुढे वाचावे.

करुण रस चांगला दाटला आणि आम्ही गजर घेतला. टाळ कडाडले. आमच्या मागे उभा असलेला तो मुलगा, दोन रात्रींच्या जागरणाने वीणेसकट पेंगलेला, दचकून जागा झाला आणि मोठ्याने म्हणाला, "लांजा आला काय?"

क्षणभर सगळा मंडप गप्प झाला. प्रत्येकाला बाप आठवला होता, आणि पुढे त्याची बायको बसलेली. कोणाची हसण्याची छाती होईना. आणि मग ती बाई हसली. मोठ्याने हसली. थांबता थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहते आहे, खांदे हलताहेत, डोके खांबावर आपटते आहे की काय असे वाटावे.

आणि आमच्या जिभेवर ते पाठ असलेले शास्त्र आले.

आम्ही टाळ थांबविले. म्हणालो, "माउली, हसण्याचेही शास्त्र आहे. अस्थानी, डोळ्यांत पाणी येईतो, खांदे उडवून हसणे याला भरतमुनींनी अपहसित म्हटले आहे आणि ते अधमांच्या वाट्याला घातले आहे. येथे आपण देहाच्या नाशाचे बोलतो आहोत." शब्द शुद्ध होते, स्वर शांत होता. तो शांत स्वरच अधिक लागला असेल. बाईंनी पदर तोंडाला लावला, उठल्या, आणि कडेकडेने बाहेर पडल्या. पाऊस लागला होता. त्यांच्यामागे मुलगा जाऊ पाहत होता, पण हातात वीणा. ती टाकून जाणार कसा? तो तसाच उभा राहिला. कुजबुजणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. आम्ही कीर्तन पुरे केले. चांगले झाले असे सगळे म्हणाले.

पुढचे तीन दिवस खांबाजवळची ती जागा रिकामी राहिली. आमची नजर तिकडे जाई आणि परत येई.

समाप्तीला काल्याचे कीर्तन. काल्यात दुसरे काय सांगायचे? गोकुळच सांगायचे. आम्ही नेहमीप्रमाणे गौळणींची गाऱ्हाणी घेतली. भलत्या वेळी वासरे सोडतो, लोणी माकडांना चारतो, शिंके उंच असले तर उखळावर चढतो, पाळण्यातल्या पोरांना रडवून पळतो. गाऱ्हाणे चालले आहे आणि तो लबाड शेजारी भेदरलेले डोळे करून उभा आहे. भागवतकार सांगतात की यशोदेचे तोंड हसरे झाले आणि त्याला रागे भरावे असे तिला वाटलेच नाही. पुढच्याच अध्यायात तो दह्याचा डेरा फोडतो. तेथेही ती फुटका डेरा पाहून आधी हसते. मग बांधायला जाते, तर दोरी दोन बोटे कमी. दुसरी जोडली, तरी दोन बोटे कमी. घरातली सगळी दाव्याची दोरी संपली, ती घामाघूम झाली, केसांतली फुले गळली. गौळणी हसताहेत, आणि ती स्वतःही हसते आहे.

हे आम्ही शेकडो वेळा सांगितले असेल. त्या दिवशी 'ती स्वतःही हसते आहे' येथे आलो आणि पुढचे शब्द सुचेनात. मागे तो मुलगा वीणा घेऊन उभा होता. जिला आम्ही अधमांत बसविले, तिचे लक्षण जुळत होते ते भरतमुनींच्या श्लोकाशी की या यशोदेशी? आणि गीतेत, अर्जुनाचे डोळे पाण्याने भरलेले असताना, दोन सैन्यांच्या मध्ये, भगवंत बोलायला आरंभ करतात ते हसल्यासारखे करून. दुसऱ्या अध्यायाच्या दहाव्या श्लोकात संजय तसे स्पष्ट सांगतो. रडणाऱ्यासमोर देव हसला. आम्ही रडता रडता हसणारीला उठवून लावले.

दहीहंडी फुटली. आम्ही एका द्रोणात काला घेतला, त्यावर दुसरा द्रोण झाकला, आणि कोणाला न सांगता त्यांच्या घराची वाट धरली. जांभ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, पाय निसटतो. बाई पडवीत सुपात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. आम्हांस पाहून चटकन उठल्या, डोक्यावर पदर घेतला. "या बुवा. बसा. पाट देते."

आम्ही पाटावर बसलो. काला पुढे ठेवला. म्हणालो, "वहिनी, आमचे चुकले."

त्या काही बोलल्या नाहीत. काला कपाळाला लावून थोडा तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "बुवा, हे गेल्यापासून सगळी येतात. रडतात, 'चांगला माणूस व्हता' म्हणतात, जातात. दीड-दोन महिने झाले, पण ते झोपेत ओरडायचे ते कोणी काढलं नाय. मना वाटायला लागलं, की तो माणूस व्हता तो वायला आणि ही सांगतात तो वायला. आणि त्या दिवशी पोरगा बोलला. बाप जन्मभर पुकारत व्हता, 'लांजा, लांजा'. आणि पोरगा इचारतो, 'लांजा आला काय?' जसा बापालाच इचारला. मग मी रडत व्हते का हसत व्हते, ता माजां मनाच म्हायत नाय."

आम्ही मान खाली घालून ऐकत होतो. पन्हळीचे पाणी खळ्यात पडत होते. बराच वेळ दोघेही गप्प.

मग त्या म्हणाल्या, "आणि बुवा, एक सांगू? रागावणार नाय ना?"

"सांगा."

"तुमी माज्यावर रागावलात ना, तवा टाळ थांबवाया हात वर केलात. त्या हातानं तुमचा फेटा सरकून डाव्या कानावर आला. आणि तुमी तसंच शास्तर सांगत व्हतात. मी भायेर गेले ती काय नुसती लाजून नाय गेले. तिथं बसते तर आणखी हसते."

वाचकहो, आमचे भरतमुनी तेथे संपले. आम्ही हसलो, डोळ्यांत पाणी येईतो, खांदे आणि मस्तक हलेतो, सहाही पायऱ्या एकदम उतरून खाली आलो. बाई पदरात हसत होत्या. पाचव्या घरातली म्हातारी काय झाले म्हणून डोकावून गेली. तेवढ्यात मुलगा आला. सप्ताह संपल्याने हात मोकळे, तरी बोटे अजून वीणा धरल्यासारखी वाकलेली. आम्हांस तेथे पाहून दारातच थबकला. त्याला आई हसताना दिसली, म्हणून तोही काही न समजता हसू लागला.

निघताना त्यांनी एक असोला नारळ आणि भाजलेल्या काजूगरांची पुडी हातात दिली. मुलगा छत्री घेऊन खालच्या रस्त्यापर्यंत सोबत आला. अर्ध्या पायऱ्या उतरलो असू, तो वरून हाक आली, "बुवा, फेटा!"

आम्ही दचकून डोक्याला हात लावला. फेटा सरळच होता. वर पाहिले, तर बाई खांबाआड झाल्या होत्या आणि नुसता पदर हलत होता.